दुसरा भाग पाहिला, भांडण मात्र राहिलं

मंडळी, आज दुपारी एका सुपरहिरोपटाचा दुसरा भाग पाहून आलो. माझं मत ठाम आहे. कथा पोकळ, म्हणून दर मारामारीला एक पॉप गाणं. गाणी झकास आहेत, पण गाण्यांच्या कुबड्यांवर चित्रपट चालत नाही!

पहिला भाग मी माझ्या लेकीबरोबर, मुक्ताबरोबर पाहिला होता. आमचा नियम असा, की चित्रपट संपल्यावर चहा समोर येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मग वादविवाद स्पर्धेसारखं भांडायचं. ती सुपरहिरोच्या बाजूने, मी विरोधात. स्वारगेटजवळचा आमचा चहावाला म्हणायचा, "अहो, हळू! गिऱ्हाईकं पळतात."

मुक्ता आता नोकरीसाठी बंगळुरूला असते. आज एकटाच गेलो. सवयीने चहा येईपर्यंत गप्प बसलो, मग तिला फोन लावून तोफ डागली.

"बरोबर आहे बाबा," ती शांतपणे म्हणाली. "मी कालच पाहिला. गाणी उगाच कोंबलीत."

"उगाच? अगं, त्या शेवटच्या गाण्याशिवाय हिरोचं एकटेपण कळलं असतं का?"

"बाबा, तू पक्ष बदललास?" ती हसली. "चल, मीटिंग आहे, ठेवते."

मला एकमत नको होतं हो. मला ती समोरच्या बाकड्यावर हवी होती, "बाबा, तुला यातलं काही कळत नाही," असं ठणकावणारी.

तुमच्याशी असं कडाडून भांडणारं माणूस सध्या कुठे राहतं?