उन्हाला आंधळा हिरा आणि विमलबाई

डॉ. विमलबाई शेंडे प्रथम माझ्या चंद्रपूरच्या वेल्डिंगच्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांना उजेड आत न शिरणारा पत्र्याचा डबा हवा होता. कशासाठी, विचारल्यावर म्हणाल्या, "भाऊ, हिऱ्यासाठी. कारखान्यात बनवलेला आहे. उन्हाले आंधळा आहे."

"आंधळा हिरा? बाई, कोणी फसवलं तुमाले? वापस करा ना!"

बाई पोटभर हसल्या. मग त्यांनी समजावले: साधा उजेड या हिऱ्यातून काचेतून जावा तसा आरपार जातो, पण वेल्डिंगच्या झोतात असतो तसला, न दिसणारा आणि उन्हातून जमिनीपर्यंत न पोचणारा अतिनील किरण पडला की त्यात बारीकशी वीज वाहते. म्हणून भर उन्हातही तो तेवढाच किरण हेरतो. माझे लाल डोळे पाहून म्हणाल्या, "हिऱ्याले डबा बनवता, अन् सोताच्या डोळ्याले काई नाई?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी काळ्या काचेचा मुखवटा पाठवला. सातवीत शाळा सोडलेला मी, अतिनील किरण असा शिकलो.

पुढे बाई भौतिकशास्त्र शिकवत त्या कॉलेजातली यंत्रे दुरुस्त करायला मी जाऊ लागलो. बाई नागभीडकडच्या, तलावात मासे धरणाऱ्या घरातल्या; जाळे टाकून थांबणे त्यांना नवे नव्हते. दोन वर्षे खपून त्यांनी हिऱ्याला नव्या तऱ्हेची जोडणी केली होती. अतिनील दिवा लावला की यंत्राचा काटा झोकात उडे. या जोडणीवरचा लेख दुसऱ्या दिवशी छापायला पाठवायचा होता आणि त्यावर त्यांची बढती अडलेली होती.

त्या दुपारी मी तिथेच पंप उघडून बसलो होतो. बटण दाबले की दिव्याची वीज जोडणारा रिले टक् वाजे आणि दिवा त्यानंतर क्षणभराने पेटे. काटा मात्र टक् सोबतच उडत होता. तीनदा ऐकले, मग राहवेना.

"बाई, तुमचा हिरा पाहून नाई राह्यला, आयकून राह्यला!"

बाईंनी हिऱ्यावर डब्याचे झाकण घातले आणि बटण दाबले. अंधारातही काटा तेवढाच उडाला. रिलेचा झटका तारेने पकडला होता, हिऱ्याने काहीच नाही.

सहायक वासनिक हळूच म्हणाले, "बाई, पाठवून द्या. कोणाले समजते?"

"मले समजलं ना, वासनिक."

लेख कपाटात गेला. बढती दुसऱ्यांना मिळाली. बाई त्यांना पेढा भरवून आल्या. मग तारा झाकणे, जोडणी बदलणे, यात वर्ष गेले. शेवटी एकदा दिवा पेटता ठेवून झाकण काढले तेव्हा काटा हलला, घातले तेव्हा थांबला. हलला तो जेमतेम.

वासनिकांचा चेहरा उतरला. "बाई, एवढासाच?"

"एवढासाच. पण हिऱ्याचा आहे."

तो लेख छापून आला. शेवटी आभारांत माझे नाव आहे, आणि त्यापुढे बाईंनी लिहिले आहे, 'यांच्या कानांमुळे'. दुकानात कोणी आले की मी ते पान दाखवतो, लपवत नाही.

बाई आता साठीच्या होत आहेत. त्यांना भरपूर वर्षे मिळोत, गुडघे कुरकुर न करोत, नजर अशीच तेज राहो. आणि उडालेला काटा आपला नसेल तर तो आपला नाही असे सांगण्याची त्यांची हिंमत आम्हा सर्वांत उतरो, एवढीशी का होईना.