गेणूचा चौथरा

भाचीच्या बारशाला सरबतासाठी घेतलेली बर्फाची लादी मी सायकलच्या कॅरियरवर उघडीच बांधली. वरचं गोणपाट फार मळकं, म्हणून काढून फेकलं. द्वारका चौकातून पंचवटीत पोचेपर्यंत साबणाच्या वडीएवढा बर्फ उरला, आणि मागून चालणाऱ्या म्हशी मात्र तृप्त दिसत होत्या.

दुसऱ्या लादीसाठी परत गेलो, तर बर्फवाला सावळीराम कपाळाला हात लावून म्हणाला, "गोणपाट काढलं? साहेब, बारशाला तुम्हालाच पाळण्यात घाला!" तिथून आमची गट्टी जमली.

सत्तरच्या सुमाराला सावळीराम आणि त्याचा धाकटा भाऊ गेणू लडाखात रस्त्याच्या कामावर होते. तिथली जमीन आतून कायमची गोठलेली, वर गवताची पातळ साल. ती सोलायची नाही, तिच्यावरच भराव टाकायचा. नाहीतर खालचा बर्फ वितळून रस्ता बसतो. मुकादम रोज बजावायचा. एक दिवस गेणू दरडीखाली सापडून गेला. सरणाला लाकूड मिळेना, म्हणून सावळीरामने त्याला तिथंच पुरलं. गवत काढून जागा लख्ख केली, दगडांचा चौथरा रचला आणि लांबून दिसावा म्हणून त्याला डांबर फासलं. रस्त्यावरच्या माणसाकडे दुसरा रंग कुठला असणार?

त्यांची म्हातारी आई, चंद्रभागाबाई, त्या थंडीच्या भरवशावर जगत होती. "आमची हाडं कुरकुरत्यात," ती मला सांगायची, "पण माझा गेणू हाय तस्साच हाय. एक केस पिकला नसंल."

सत्त्याऐंशीला निफाडचा गोरक्ष, मिलिटरीतला ड्रायव्हर, तिकडे निघाला. म्हातारीने त्याच्याजवळ गेणूसाठी शेंगदाण्याचे लाडू दिले. सुट्टीवर आल्यावर गोरक्षने दुकानात येऊन ती पुरचुंडी तशीच सावळीरामच्या हातात ठेवली. मी तिथेच बसलो होतो.

"चौथरा नाय ऱ्हायला, दादा. हिवाळे पहिल्यासारखे पडत नाय तिकडं. सगळी उतरणच खचली. काळी जागा सगळ्यात आधी बसली म्हणे. आता तिथं तळं हाय."

दुकानामागच्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, "गोरक्ष आला का रं? भेटला का माझा गेणू?"

"भेटला," सावळीरामच म्हणाला.

"कसा हाय?"

"हाय तस्साच."

त्याने पुरचुंडी बर्फावरच्या भुशात खोल खुपसली.  

"हवाच बदललीय तिकडची," मी म्हणालो. "त्यात तुमचा काय दोष?"

"गवत मी सोललं होतं."