ओवाळणीतला फोन

भावाने भाऊबीजेला ताटात टाकलेला आयफोन माझ्या शिलाई मशीनशेजारी पडलेला असतो. त्याच्याकडे बघितलं की आजही माझं डोकं फिरतं. एवढा भारी फोन फुकटात मिळाला आणि ही बाई कुरकुरते, असं लोक म्हणतात. म्हणू देत, त्यांना फुकटाची किंमत कधी मोजावी लागलेली नाही.

मी माधवनगरला ब्लाऊज शिवते. भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, भिंतीला अस्तराचं कापड लटकलेलं असतं आणि गिऱ्हाइकांची अर्धी कामं फोनवरच ठरतात. आधी माझ्याकडे एक साधा अँड्रॉइड होता. कोपरा फुटलेला, कव्हर सैल झालेलं म्हणून त्याला रबर बँड लावलेला. पण त्या फोनचा एक गुण होता. येणारं-जाणारं प्रत्येक बोलणं तो आपोआप रेकॉर्ड करून ठेवायचा, आणि समोरच्याला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. मी ते मुद्दाम सुरू ठेवलं होतं. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, बाही कोपरापर्यंत ठेवा, आणि न्यायला आलं की म्हणतं, अहो मी तर छोटी सांगितली होती. मी भांडत बसायची नाही. सुई खाली ठेवायची आणि रेकॉर्डिंग लावून त्यांचा आवाज त्यांनाच ऐकवायची. विश्रामबागेतल्या एक बाई तर स्वतःचा आवाज ऐकून म्हणाल्या, हा माझा आवाजच नाही. बरोबर आलेली त्यांची सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

माझा हा पराक्रम माहेरपर्यंत पोचला होता. पोचवणारी मीच. भाऊ ऐकून पोट धरून हसला होता आणि म्हणाला होता, "आक्का, तुज्यासंगं जपून बोलाय पायजे गड्या." एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माहेर आष्ट्याच्या पलीकडे, रस्त्याला लागून. वडील गेले आणि मागे आई, धाकटा भाऊ आणि उसाची जमीन राहिली. आमच्याकडे बाप गेला की बहिणीने हक्कसोड करून द्यायची असते. म्हणजे जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिला असं लिहून त्यावर सही करायची. न करणारीला कोणी मारत नाही. फक्त तिला दिवाळीला कोणी न्यायला येत नाही, पोरांच्या लग्नात मामा लांब उभा राहतो, आणि गावात शिरली की बायका म्हणतात, आली वाटणी मागणारी. एवढं पुरतं. मी तरी अडून बसले होते. सगळा वाटा नको, पण रस्त्याकडची थोडी जागा द्या, तिथे मी दुकानाची एक खोली बांधीन, असं माझं म्हणणं. भाड्याच्या खोलीत मशीन चालवून माझा जन्म गेला होता. स्वतःच्या दारावर स्वतःची पाटी असावी, एवढीच माझी हाव होती.

सहीच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. "आक्का, रस्त्याकडचं पाच गुंठं तुजं. पेरूच्या झाडापासनं बांधापातूर. आई हितंच बसलीया, तिच्या डोस्क्यावर हात ठेवून सांगतो." मागून आईचा आवाज आला, "व्हय गं, त्यो देतोय. सही कर तू. कशाला ताणतीस?"

मी म्हटलं, हे पण कागदावर लिहू. तो दुखावल्यासारखा म्हणाला, "भनी-भावात कागुद? मग माहेर कशाचं म्हणायचं?" माझा कागद माझ्या हातातच होता, रबर बँड लावलेला. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या कचेरीत जाऊन अंगठे दिले, सह्या केल्या. बाहेर आल्यावर त्याने पोटभर जेवू घातलं आणि एसटीत बसवून दिलं. खिडकीतून उसाचा रसही हातात दिला.

मग भाऊबीज आली. एरवी तो ताटात पाकीट टाकतो. त्या वर्षी त्याने खोकं टाकलं. आत आयफोन. नवा नव्हे, त्याने स्वतःला नवा घेतला होता आणि जुना नव्या कव्हरात घालून मला दिला. मी म्हटलं, मला काय करायचाय, माझा चालतोय. तर म्हणाला, "ओवाळणी माघारी देत्यात व्हय? आन् त्यो फुटका फोन किती दिवस वापरणार? लोकं मला नावं ठेवत्यात, भन बघा म्हणून." ओवाळणी परत करत नाहीत, हे खरंच आहे. ताटात पडलेलं बहिणीचं. आणि भावाने दिलेलं त्याच्या डोळ्यांदेखत अंगावर घालायचं असतं, साडी असली तरी आणि फोन असला तरी. त्याने तिथेच पाटावर बसल्या बसल्या दोन्ही फोन शेजारी ठेवले, माझं सिम काढून त्याच्यात घातलं, फोटो आणले, नंबर आणले, गिऱ्हाइकांचे मेसेजसुद्धा आणले. "बघ, सगळं आलं," म्हणाला. फोटो बघितले, आले होते. वडिलांचा फोटो होता, ब्लाऊजच्या पाठीचे फोटो होते. मी खूश झाले, त्याला दुसरा करंजीचा घास भरवला. जाताना जुना फोन खिशात टाकत म्हणाला, "ह्यो पुसून ट्रॅक्टरवरच्या गड्याला देतो, त्याला गाणी ऐकाय बरा हाय."

आणि मी दिला. टॉवेल-टोपी दिली, वर फोनही दिला.

त्या नव्या फोनशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. मागे जायचं बटण नाही, बोट कुठूनतरी सरकवायचं म्हणे. बोट सरकवलं की भलतंच उघडायचं. चार्जरची पिन वेगळी, त्यामुळे शेजारपाजारी कोणाकडे मागायची सोय नाही. मराठी टाइप करायला गेले की आधी इंग्रजी दामटायचा. गिऱ्हाइकांना वेगळंच वाटायला लागलं. शिलाई थोडी वाढवली तर एक जण तोंडावर म्हणाली, "आयफोन घेतलाय की तुमी, अजून किती पायजे?" मी म्हटलं, भावाने दिलाय. तर ती म्हणाली, "नशीबवान हायसा." त्या दिवशी मी तिच्या ब्लाऊजला हुक लावायचे मुद्दाम विसरले.

होळी झाल्यावर एका दुपारी भावाचं स्टेटस बघितलं. नारळ फोडलेला, कुदळीला हळदकुंकू, मागे रस्ता. गाळ्यांच्या पायाची पूजा. पेरूचं झाड कुठे दिसेना. फोटो मोठा करून बघितला तर बुंधा दिसला, नुकताच कापलेला, पांढरा. ती जागा माझी.

मी लगेच फोन लावला. "आरं, माज्या जागेत पाया कसला काढलास?"

"कुठली जागा आक्का?"

"पेरूपासनं बांधापातूर. पाच गुंठं. तूच म्हणला हुतास न्हवं?"

"म्या? कवा?" तो शांतपणे म्हणाला. "कागुद दाव की."

हसू आलं मला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, थांब बाळा, आता तुला तुझाच आवाज ऐकवते. फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग शोधायला बसले; दिवाळीपासून कोणाला ऐकवायची वेळच आली नव्हती. फोटोंत बघितलं, मेसेजमध्ये बघितलं, हिरव्या-निळ्या सगळ्या चौकोनांत बोटं घातली. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या कॉलेजातल्या मुलीला विचारलं. तिने फोन उलटापालटा करून सांगितलं, "मावशी, ते इकडं येतच नाही. ते त्या फोनातच राहतं." तो फोन तर पुसून गड्याच्या खिशात गेलेला. गाणी ऐकायला.

भावाला हे माहीत होतं का, असं हे, म्हणजे आमचे मालक, विचारतात. ते सगळ्यांचं चांगलंच बघतात. मी म्हणते, जो माणूस स्वतः कित्येक वर्षं आयफोन वापरतो, ज्याला माझी रेकॉर्डिंगची सवय हसून हसून पाठ आहे, आणि जो जन्मात कधी पाकिटापलीकडे गेला नाही, त्याला माहीत नव्हतं म्हणता? देवानेच बुद्धी दिली असेल मग त्याला, बरोबर त्याच दिवाळीत.

ती मुलगी म्हणाली, याच्यातही रेकॉर्ड होतं मावशी, बोलताना वर कोपऱ्यात दाबायचं. मी उड्या मारल्या. ठरवलं, त्याच्याशी गोड बोलायचं आणि परत एकदा वदवून घ्यायचं. फोन लावला. पोरांची चौकशी केली, उसाची केली, वहिनीच्या गुडघ्याची केली. मग म्हटलं, "आरं, त्या दिशी आईच्या डोस्क्यावर हात ठेवून काय म्हणला हुतास बरं?" आणि कोपऱ्यात दाबलं.

तर फोनातून एक बाई इंग्रजीत बोलली. स्वच्छ, मोठ्याने, शाळेत सूचना देतात तशी. हे बोलणं रेकॉर्ड होतंय, असं तिने आम्हा दोघांना सांगून टाकलं. आपल्या मालकिणीची चहाडी मालकिणीच्याच तोंडावर करणारं असं यंत्र मी दुसरं बघितलं नाही.

भाऊ खाकरला आणि सभेत बोलल्यासारखा शुद्ध बोलायला लागला. "मी माझ्या बहिणीला तिच्या हक्काचं सर्व काही दिलेलं आहे. तिने खुशीने हक्कसोड केलेली आहे. आमच्यात काही वाद नाही." मग हळूच म्हणाला, "झालं का आक्का? आलं का नीट?" आणि फोन ठेवला. ते मात्र अगदी नीट आलं. आजही आहे त्या फोनात, त्याचं एकट्याचं खरं.

आता एकच साक्षीदार उरली होती. पहिली एसटी पकडून मी गावाला गेले. आई सोप्यात बसून शेंगा फोडत होती. भाऊ खुर्चीवर होता. वहिनीने चहा टेकवला. मी चहाला हात न लावता विचारलं, "आई, सहीच्या आदल्या दिशी हा फोनवर काय बोलला? तू शेजारीच हुतीस. तू व्हय म्हणली हुतीस."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं. "मला काय ठावं बाई. मला आलीकडं ऐकूच यीत न्हाई."

शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर इथून ओरडणारी माझी आई. मी उठले आणि सरळ स्टँडवर आले. वाटेत त्या बुंध्याजवळून जावं लागतं. त्याच्यावर कोणीतरी सिमेंटची पोती रचली होती.

त्यानंतर मी नवा अँड्रॉइड घेतला. स्वतःच्या कमाईचा, साधा, आधीसारखा गुपचूप रेकॉर्ड करणारा. नवा नंबरही घेतला. जुना नंबर आयफोनात तसाच ठेवला होता, तो बंद करून फोन कपाटात टाकायचा असं ठरवलं होतं. टाकणारच होते, तेवढ्यात एका दुपारी तो वाजला. आईचा नंबर, तिच्या बटणाच्या फोनवरून.

"जेवलीस का?" तिने विचारलं. मी नुसतं हं म्हटलं. मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "ह्यो त्योच फोन हाय न्हवं, त्यानं दिल्याला?"

"त्योच हाय."

"ह्यात बोलणं ऱ्हात न्हाई म्हणं. त्यो सांगत हुता. ती बाई आदी सांगती म्हणं."

"न्हाई ऱ्हात."

"म्या ऐकलं हुतं गं. पेरूपासनं बांधापातूर म्हणला त्यो. माज्या डोस्क्यावर हात हुता त्याचा. म्या व्हय म्हणलं हुतं."

"मग त्या दिशी का न्हाई सांगितलंस?"

"त्याच्या घरात भाकरी खाती मी. तू ठिवून घेशील मला तुज्या खोलीत, पण मला माज्या घरात मरायचंय." मग म्हणाली, "त्याची गाडी आली. ठेवते."

माझं बोट कोपऱ्यावर होतं. दाबलं असतं तर त्या इंग्रजी बाईने तिलाही सांगितलं असतं, आणि आई पुन्हा बहिरी झाली असती.

हे म्हणाले, आता सोपं आहे, ते सिम अँड्रॉइडात घाल, आईला काही कळणार नाही, परत बोलेल तेव्हा सगळं आपोआप येईल, मग कोर्टात ऐकव. खरं आहे. मी सिम काढायची पिन हातात घेतलीही होती. पण ते ऐकवलं की संध्याकाळी त्या घरात आईच्या ताटात काय पडेल, हे मला माहीत आहे. त्या भावाला मी ओळखते. जमीन गेली, आता आईचा घास मी त्याच्या हातात देणार नाही.

म्हणून तो आयफोन मशीनशेजारी पडलेला असतो. शिव्या घालत मी त्याला रोज चार्ज करते, त्या वेगळ्या पिनेने. गाळे बांधून झालेत, एकात लेडीज टेलर बसलीय असं कळलं. भाऊ गेल्या भाऊबीजेला आला नाही आणि मी बोलावलंही नाही. तो जिवंत आहे तोवर मी त्याला माफ करणार नाही, आणि तो मेल्यावर करीन असंही नाही. आई मात्र तो शेतात गेला की फोन करते. कधी पेरूचं बोलते, कधी वडिलांचं, कधी सुनेने दूध कमी दिलं ते. बोलायच्या आधी दर वेळी एकच विचारते, "फोन त्योच हाय न्हवं?"

मी म्हणते, "त्योच हाय आई. बोल."