बटणावरचं कुंकू

ओतूरच्या पेठेत समाधानला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळं गाव त्याला 'टेस्टर' म्हणायचं. दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं तसा याच्या खिशाला कायम टेस्टर, आणि तो लावून बघितल्याशिवाय हा कशाला हात म्हणून लावायचा नाही. इस्त्री, मिक्सर, टीव्ही ठीक आहे. एकदा कुणाची तरी दोन सेलांची बॅटरी दुरुस्तीला आली, तर हा बाबा तिलाही टेस्टर लावून बसला. लोक पोट धरधरून हसले. समाधान हसला नाही. विजेच्या धंद्यात धीट माणसं लवकर संपतात आणि भित्र्यांची दुकानं चालतात, असं त्याचं म्हणणं होतं.

भित्रा तो होताच, आणि ते लपवायचाही नाही. वडील खंडू जन्मभर गवंड्याच्या हाताखाली राबले, पोराला आयटीआयला घातलं. घर विहाराच्या शेजारी. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वाढल्यामुळं शकुन-अपशकुन, नवस, कौल असल्या गोष्टींचं भय मात्र त्याला कधी शिवलं नाही. मांजर आडवं गेलं तर त्याला आधी जाऊ द्यावं, एवढंच त्याला ठाऊक. ती एक भीती सोडली तर उरलेली सगळी भयं त्याच्याकडं जमा होती. आणि ही एक जी राहून गेली होती, तीही त्याला दोन हजार दोनच्या पाडव्याला भेटली.

त्याचा शाळेतला जोडीदार आदेश फौजेत होता. एका बाकावर दहा वर्षं बसलेले दोघं. आदेशच्या मळ्यातल्या घरी समाधानचं जाणं-येणं लहानपणापासून. आधी ओट्यापर्यंत, मग एक दिवस आदेशनं मनगटाला धरून चुलीपर्यंत नेलं, तेव्हापासून चुलीपर्यंत. त्या वर्षी सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या. आदेशचं पत्र आलं, 'संस्कृती आता आठ वर्षांची झाली. तिला कॉम्प्युटर घ्यायचाय. आयता नको, तू जोडलेला पाहिजे.' समाधाननं तोवर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडले होते, पण पहिल्यापासून स्वतः जोडलेला एकही नव्हता. तो पुण्याला तीन खेपा घालून एकेक भाग घेऊन आला. दुकानात जोडून त्यानं तीनदा चालू केला, तीनदा बंद केला. कॉम्प्युटर तयार झाला, आणि तिकडं आदेशची पत्रं बंद झाली. तीन आठवडे कागदाचा चिटोरा नाही.

पाडव्याला सकाळी, गावोगाव प्रवासी नेणाऱ्या हौशीरामच्या जीपमधून, कॉम्प्युटरचा मुख्य डबा, म्हणजे कॅबिनेट, मांडीवर धरून, समाधान मळ्यात पोचला. गुढी उभी होती. आदेशची बायको आरती दारातच म्हणाली,

"भावजी, मी मनात धरलंय. पह्यल्या फटक्यात सुरू झालं, तर हे तिकडं सुखरूप हायेत."

"वयनी, असलं मनात धरू नाय. मशीन हाय ते."

"धरलं आता. त्याला काय करू?"

तिच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. समाधाननं मान खाली घातली आणि कॅबिनेट टेबलावर ठेवलं. यंत्राचा आणि माणसाच्या जिवाचा काडीचा संबंध नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तरीपण त्यानं वायरीची दोन्ही टोकं पुन्हा एकदा तपासली.

बाराला लाईट जायची ती पाचलाच यायची. आत्ता अकरा वाजत आले होते. समाधान वायर लावायला गेला तसं आदेशच्या आईनं, कुशाबाईनं, त्याला थांबवलं. "आधी पूजा." ती स्वतः मात्र आतल्या उंबऱ्यापलीकडंच उभी होती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. शुभकार्यात आपण पुढं व्हायचं नाही हा नियम तिचा तिनंच स्वतःला लावून घेतला होता. समाधानला तो पटायचा नाही, पण तसं तोंडावर बोलायची त्याची छाती नव्हती.

आरती ताट घेऊन आली आणि अडली. बैलाला कपाळ असतं, ट्रॅक्टरला तोंड असतं. या पांढऱ्या डब्याला कुंकू लावायचं कुठं?

"भावजी, याचं कपाळ कुठलं?"

समाधाननं आपलं सुचलं ते बोट दाखवलं. कॅबिनेटच्या दर्शनी भागावर रुपयाएवढं गोल बटण होतं. "ह्ये समजा."

कोरडं कुंकू प्लास्टिकवर ठरेना, घसरून खाली पडायला लागलं. कुंकू गळतंय हे बघून आरतीचं तोंड उतरलं. तेव्हा कुशाबाई आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून आपली जुनी मेणाची डबी घेऊन आली. तिच्या काळी बाया कपाळाला आधी मेण लावायच्या, मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलायचं नाही. अकरा वर्षं न उघडलेली डबी तिनं उंबऱ्यावरूनच सुनेच्या हातात दिली. आरतीनं अंगठ्यानं मेण चांगलं दाबून, कडेपर्यंत चोळून लावलं आणि वर ठसठशीत कुंकू भरलं. नारळ फुटला. संस्कृतीनं टाळ्या वाजवल्या.

समाधाननं वायर लावली, कुंकू विसकटू नये म्हणून कडेकडेनं, नखानंच बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. पंखा नाही, दिवा नाही, हूं की चूं नाही. संस्कृतीच्या टाळ्या थांबल्या. आरती भिंतीला टेकली. कुशाबाई उंबऱ्यावरनं म्हणाली, "लक्षण काय बरं न्हाई, बाबा."

खरं सांगायचं तर एरवी समाधान अशा वेळी सुखात असायचा. बिघाड म्हणजे त्याचं घरचं कार्य. पण आज त्याचे हात त्याला परक्यासारखे वाटत होते. टेस्टर बोर्डात घातला, पेटला. म्हणजे वीज होती. वायर काढून कॉम्प्युटरच्या पडद्याला लावली. पडद्याचा दिवा लागला. म्हणजे वायरही चांगली. कॅबिनेटच्या मागचा खटका चालूच होता. मग त्यानं कॅबिनेटची बाजू उघडली आणि म्हणाला, "वयनी, केसातला आकडा द्या जरा."

आरतीनं आकडा काढून दिला. पॉवर सप्लायच्या, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जुडग्यातली हिरवी आणि काळी वायर त्यानं आकड्यानं जोडली. डब्याचा पंखा भर्रकन फिरला.

"झालं?" आरती पुढं धावली.

"न्हाई वयनी. हा नुसता डबाच चालू झाला."

तिचा चेहरा पाहिला आणि आपण आकडा मागितलाच कशाला, असं त्याला झालं. ती आत निघून गेली.

मग मेमरीची पट्टी काढून संस्कृतीच्या खोडरबरानं घासली, परत बसवली. काही नाही. साडेअकरा झाले. आता उरला मदरबोर्ड, ज्या हिरव्या पाटीवर सगळा कारभार चालतो ती पाटी. जीपच्या धक्क्यांनी तीच गेली असेल तर सगळंच मेलं. पुण्याहून नवी आणायची तर चार दिवस, आणि चार दिवस या घरानं काय मनात धरून बसायचं? समाधानच्या डोळ्यांपुढं नको ते यायला लागलं. लाल रंगाच्या सायकलवरून येणारा तारवाला. बाकावर रिकामी झालेली शेजारची जागा. आपण असं कसं मनात आणतो म्हणून त्यानं स्वतःला शिवी हासडली. पण भीतीला शिव्या कळत नाहीत.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं बटणाच्या दोन बारीक वायरी पाटीवरून उपटल्या आणि त्या जागच्या दोन धातूच्या काड्यांना बटणाऐवजी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं.

पाटीवरचा पंखा फिरला. सगळं जिवंत होतं.

त्यानं झटकन वीज बंद केली आणि कॅबिनेट पुढून पाहिलं. बटण आत गेलेलं होतं. आरतीच्या अंगठ्याखाली ते दाबलं गेलं होतं, आणि कडेच्या फटीत भरलेल्या मेणानं त्याला तिथंच धरून ठेवलं होतं. दाबलेलं बटण आणखी दाबून काय होणार? आणि इतका वेळ, कुंकवाला धक्का लागू नये म्हणून, यानं त्या बटणाकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं. जागा दाखवणाराही हाच.

सुटकेचा श्वास सोडून त्यानं खिशातलं फडकं काढलं. एकदा पुसलं, नखानं मेण खरवडलं, की संपलं काम. फडकं बटणापाशी गेलं आणि त्याला वाटलं कुणीतरी श्वास आत ओढला. त्यानं मान वर केली. उंबऱ्यावर कुशाबाई. ती त्याच्याकडं पाहत नव्हती, फडक्याकडं पाहत होती. तिचं पांढरं मोकळं कपाळ समाधाननं अकरा वर्षं रोज बघितलं होतं. आज त्याला ते दिसलं. ते पुसलं त्या दिवशी तो आदेशचा हात धरून याच खोलीत उभा होता.

सौभाग्यवतीनं नवऱ्याच्या नावानं भरलेलं कुंकू, पाडव्याच्या दिवशी, त्याच्याच घरात, आपण पुसायचं?

हे सगळं खोटं आहे, असं त्यानं मनात म्हटलं. दोनदा म्हटलं. आणि फडकं घडी करून खिशात ठेवलं.

बाराला दहा कमी होते. मोठ्या बटणाच्या खाली तांदळाएवढं दुसरं बटण होतं, कॉम्प्युटर अडला तर परत सुरू करायचं. समाधाननं त्याच्या वायरी काढून मोठ्या बटणाच्या जागी खोचल्या. मोठ्याच्या वायरी आत तशाच लोंबत सोडल्या. झाकण बसवलं. आता नुसतं एकदा दाबून बघायचं होतं. पण तेच करता येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा टेस्टर टेस्ट न करता बाजूला झाला.

"वयनी!" त्यानं हाक मारली. "माझ्याच हातनं चूक झाली. मोठं बटण मी जोडलंच नव्हतं. ते शोभेचं ऱ्हायलं. खरं बटण ह्ये, खालचं, बारीक. त्याला अजून कुणी हात लावलेला न्हाई. पह्यला फटका तुमीच मारा."

आरती आली. तिचं बोट बटणाशी जाऊन थांबलं. समाधानला घाम सुटला होता. वायर उलटी पडली असली तर? खोचताना निसटली असली तर? त्यानं डोळे मिटून घेतले आणि पंखा ऐकू आल्यावरच उघडले. पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती. आरती पदर तोंडात कोंबून खाली बसली.

कुशाबाई एवढंच म्हणाली, "च्या पिऊन जा, समाधान."

पाचव्या दिवशी शेजारच्या मळ्यातल्या फोनवर आदेशचा आवाज आला. पंखा फिरला आणि फोन आला यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं समाधान तेव्हाही म्हणायचा, आजही म्हणतो. पण त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

किंमत मात्र त्याला चुकली नाही. टेस्टरनं बटणच जोडलं नाही, ही गोष्ट हौशीरामच्या जीपमध्ये बसून गावोगाव फिरली. एका शाळेचं चार कॉम्प्युटरचं काम त्याला मिळणार होतं. ज्याला बटण जोडता येत नाही त्याला पोरांचं काय द्यायचं, म्हणून ते जुन्नरच्या माणसाकडं गेलं. आदेश रजेवर आला की पेठेत उभा राहून ओरडायचा, "काय टेस्टर, शोभेची बटणं आलीत का नवीन?" समाधान हसून घ्यायचा. दर दसऱ्याला आरती त्या मोठ्या बटणावर जुन्यावर नवं कुंकू भरत गेली.

दोन हजार आठला आदेश नोकरी पुरी करून कायमचा घरी आला. दिवाळीआधी सगळेच तो जुना कॉम्प्युटर घेऊन दुकानात आले, मोडीत काढायला. कुशाबाईपण बाजाराला म्हणून बरोबर आली होती.

"आता तर सांग लेका," आदेश भेळीचा पुडा हातात धरून म्हणाला, "एवढा शहाणा तू, बटण जोडायला इसरलास कसा?"

समाधान स्क्रू काढत राहिला. बोलली ती बाकड्यावर बसलेली कुशाबाई.

"इसरला न्हाई त्यो. कुंकवानं बटण अडकलं व्हतं. फडकं घेतलं व्हतं त्यानं पुसायला. मी बघत व्हते. मंग माझ्याकडं बघितलं आन् परत खिशात घातलं. सहा वरसं मीबी बोलले न्हाई. ही भ्याली असती."

आदेशचा हात पुड्यातच राहिला. आरतीनं कॅबिनेटकडं पाहिलं. सात दसऱ्यांचं कुंकू थरावर थर बसून काळपट झालं होतं. मग तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हात पुढं केला.

"वयनी, नको!"

ओरडला तो समाधान. विहाराशेजारी वाढलेला, मांजराला आधी वाट देणारा समाधान. दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली.

"भावजी," आरती हळूच म्हणाली, "आता हे समोर उभं हायेत."

तिनं पुसलं. नखानं कडेचं मेण खरवडून काढलं. बटण टक्कन बाहेर आलं.

समाधाननं आधी आदेशकडं पाहिलं, मग बटणाकडं.