सहा लावे

अमेरिकेत, प्लेनोत आमच्या शेजारी राहणारे काका रिटायर्ड डॉक्टर. शिकारीचा सीझन सुरू झाला की दर शनिवारी चार तास ड्राइव्ह करून लावे मारायला जातात. लावा म्हणजे मुठीएवढा पक्षी. पाऊस बरा झाला त्या वर्षी माळावर थवेच थवे, नाहीतर दिवसभर पायपीट करून एखादा दिसणार.

"हे बघ," काकांचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होतं. मग ताटलीत शेंगदाणे गोल मांडतात. "रात्री हे असे बसतात. शेपट्या आत, तोंडं बाहेर. एकमेकांची ऊब. दहाबारा तरी लागतात." त्यातले निम्मे दाणे उचलून तोंडात टाकतात. "आता उरलेले थंडीत गेले."

हे मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. तरीही, त्यांनी मला पहिल्यांदाच सोबत नेलं त्या कोरड्या वर्षी, दुपारी गवतातून सहा लावे फडफडत उठले. काकांनी मोजले आणि बंदूक खाली केली. मी मात्र माझी झाडली.

एक पडला. काका रागावले नाहीत. तो गरम जीव उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. परतताना अख्ख्या वाटेत ते एकदाही "हे बघ" म्हणाले नाहीत.

यंदा पाऊस छान झालाय. परवा कुंपणापाशी काका खुशीत सांगत होते, माळ लाव्यांनी भरलाय म्हणून.

"काका, या शनिवारी मी मोकळाच आहे," मी म्हटलं.

"हे बघ," ते म्हणाले, आणि खिशातून एक शेंगदाणा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.