डोंगरांवर बासरी

आकाशावर जीव जडलेला माणूस शेवटी आकाशाचाच होतो, असं सुधीरच्या शोकसभेत गंभीर आवाजात सांगण्यात आलं. सुधीर इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या वॉर्डात, न्यूमोनियानं गेला. फोन त्याच्या बायकोचा, वैजूवहिनींचा होता. "भावोजी, संपलं हो..." एवढंच म्हणाल्या.

सुधीरनं विमान स्वतः बांधलं होतं. दोन माणसांचं, किट मागवून, घराच्या गॅरेजमध्ये. पंख तिथं मावेनात, म्हणून ते काही वर्षं डायनिंग रूममध्ये राहिले आणि आम्ही पाहुणे त्यांच्या कडेला अंग चोरून वरणभात जेवलो. हवा बरी असली की दोघं वेल्सच्या डोंगरांवर जायची. सुधीर विमान चालवायचा, वहिनी शूटिंग करायच्या. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं ऐकू यावं म्हणून दोघांच्या कानांवर हेडसेट, आणि ते बोलणं कॅमेऱ्यातही उतरावं म्हणून सुधीरनं खास वायर जोडलेली. त्यामुळे त्या फिल्ममध्ये खाली तळी, कडे, मेंढ्यांचे ठिपके दिसत आणि वर अखंड संसार ऐकू येई.

"अगं, कॅमेरा सरळ धर."

"कॅमेरा सरळच आहे. तुमचं विमान वाकडं झालंय."

"वळतोय मी. वळताना होतं तसं."

"मग आधी सांगायचं ना!"

या फिल्म त्यानं इंटरनेटवर कधी टाकल्या नाहीत. जेवायला आलेल्यांना मात्र सुटका नव्हती. मी त्यातल्या बऱ्याचशा झोपेत पाहिल्या आहेत.

सुधीर गेल्यावर आमचं इथलं मराठी मंडळ पुढे सरसावलं. ज्या अध्यक्षांनी आयुष्यभर त्या विमानाला 'खेळणं' म्हटलं, ते आता 'गगनयात्री' म्हणू लागले. श्रद्धांजलीची फिल्म करायचं काम नीलेशकडे आलं. हा बेसिंगस्टोकला आयटीत असतो, मुलगा मनानं चांगला, हे इथं सांगून टाकतो, कारण पुढं ते आठवणार नाही. त्यानं सगळी शूटिंग असलेली एकुलती एक डिस्क मागितली, वहिनींनी दिली.

शोकसभेत हॉलमध्ये अंधार झाला. डोंगर आले, तेही स्लो मोशनमध्ये. त्यांच्यावर बासरी. बासरीवर कुणाचा तरी खर्जातला आवाज: "पंखांना क्षितिज नसतं..." लोकांनी डोळे पुसले आणि समोशांकडे वळले. मला शिसारी आली. वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "यांचा आवाज कुठंय?"

मी नीलेशला गाठलं.

"काका, तो म्यूट केला. इंजिनचा खूप नॉइज होता. आणि काका-काकू सारखे आर्ग्यू करत होते, ते रिस्पेक्टफुल वाटत नव्हतं."

"मूळ शूटिंग आहे ना?"

"डिस्कवर स्पेसच नव्हती हो. आजची पूर्ण सभा हाय क्वालिटीत रेकॉर्ड करायची होती... पण बेस्ट शॉट्स फिल्ममध्ये घेतलेत ना!"

म्हणजे सुधीरची सगळी उड्डाणं पुसली गेली होती आणि त्या जागी अध्यक्षांचं भाषण बसलं होतं. मँचेस्टरच्या एका दुकानात डिस्क नेऊन पाहिली, काहीही परत आलं नाही. अध्यक्ष वहिनींना म्हणाले, "अहो, मनाला लावून घेऊ नका, फिल्म सगळ्यांना फार भावली." माणूस गेला की आपल्याकडे त्याला आधी आंघोळ घालतात आणि मग सभ्य करतात. पहिली गोष्ट निदान प्रेमानं होते. जिवंतपणी जो बायकोशी भांडत डोंगर दाखवायचा, त्याला मेल्यावर बासरीच्या मागं गप्प उभं केलं, आणि वर आभारप्रदर्शनही झालं.

चार दिवस मी चडफडत होतो. मग फोनमधले जुने मेसेज चाळताना सुधीरनंच पाठवलेली एक क्लिप सापडली. फसलेली शूटिंग तो मला पाठवायचा, चांगली बघताना मी झोपतो म्हणून. फोन घेऊन कॉव्हेंट्रीला गेलो. वहिनींनी तो ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि क्लिप लावली.

"डोंगर कुठंय?"

"खाली. ढगात."

"मग मी शूटिंग कशाचं करतेय?"

"बंद कर ते, आणि पोळीचा रोल दे."

"हात पुसा आधी. ग्रीस आहे."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, मग बराच वेळ हसल्या नाहीत. आता ती क्लिप त्यांच्या फोनवर आहे, दुपारच्या चहाबरोबर रोज लागते. नीलेशनं ती 'क्लीन' करून देण्याची तयारी दाखवली होती. त्याला ओट्यापाशी फिरकू दिलेलं नाही.

क्लिपमध्ये डोंगर एकदाही दिसत नाही.