कडुनिंबासकट घातलेला बांध

बहात्तरच्या दुष्काळाचा माझ्या सासऱ्यांनी असा धसका घेतला, की पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्याच रानातल्या ओढ्यावर मातीचा बांध घालायला काढला. घरची बैलं, घरची माणसं. वैरागच्या बाजूला तेव्हा असं धाडस कुणी करत नसे.

बांधाच्या आखणीत नेमका एक कडुनिंब आला. त्याच्या बुडाशी म्हसोबाचा शेंदरी दगड. झाड मुळासकट काढायला हवं होतं, पण मामंजींनी कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. मग देव उचलून वर बसवला आणि झाड तसंच ठेवून फांद्यांपर्यंत माती भरली. देव हलवला तर चालतो, झाड नाही. या न्यायापुढे काय बोलणार!

बांधात पाणी साठलं. विहिरीला पाझर आला. लोक बघायला येत आणि मी मोठ्या ऐटीत चहा करी. मातीत गाडलेला कडुनिंब वाळून गेला, त्याची मुळं आतल्या आत कुजत होती, पण ते कुणाच्या मनातही आलं नाही.

बांधाच्या खाली माझ्या थोरल्या जावेचं रान होतं. दीर गेल्यावर तिला आणि तिच्या लेकीला पोटापुरता तेवढाच तुकडा तोडून दिला होता. एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास, बांध तुडुंब असताना, ती धावत घरी आली.

"मामंजी, झाडाखालनं पानी येतंय. गढूळ हाय. सांडवा फोडा, थोडं जाऊ द्या की."

"भरल्या पान्याला हात लावायचा? देवाला इचारतो."

पुन्हा फुलं लागली. या वेळीही डावंच पडलं. मामंजी निवांत जेवायला बसले. मला संताप आला होता, पण सासऱ्यासमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती.

दुपारी बांध कडुनिंबापाशीच फुटला. माणूस कुणी गेलं नाही. जावेची नुकती उगवलेली ज्वारी गेली आणि तिच्याखालची काळी मातीही गेली. उरला नुसता मुरूम.

"देवाचा कोप झाला गं," मामंजी म्हणाले.

जाऊ मुरमात उभी होती. डोक्यावरचा पदर ढळला होता, तो तिने सावरलाही नाही.

"देवाला दोनदा इचारलं तुमी. रान माजं हुतं, मला कवा इचारलं?"

 उन्हाळ्यात गाड्याच्या गाड्या माती आणून मामंजींनी बांध पुन्हा उभा केला. जावेच्या मुरमावर त्यातली एक पाटीसुद्धा पडली नाही. ती लेकीला घेऊन दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.